दवाखान्याच्या गच्चीचा कोबा

कोबा ठोकता ठोकता ती मध्येच हात वर करायची. बायकांच्या थाप्या थांबायच्या. मग ती ओणवी होऊन ओल्या कोब्याला कान लावायची, एकदाच थापी मारायची आणि म्हणायची, "अजून नाय बोलत."

ठाण्यात नव्या दवाखान्याची गच्ची चालली होती. मी परीक्षा पास होऊन पुण्याहून आलेला ओव्हरसियर. ती जवळच्या बाळकुम गावची, पन्नाशीची, कोबा ठोकणाऱ्या बायकांची मुकादमीण. चुना आणि विटांचे तुकडे कालवताना ती पाणी अगदी बेताने घालू द्यायची. "मुठीत गोला व्हावा, बोटांतून पानी गलू नये." असली माणसे तुम्हीही पाहिली असतील, त्यांच्यापुढे आपण परीक्षा उगीचच पास झालो असे वाटते.

गोरे साहेब पाहणीला येणार म्हणून मला घाई. एके दिवशी ती भाचीच्या लग्नाला गेली. मी माल चांगला पातळ करवला. तो आपोआप पसरला, चार थाप्यांत एक कोपरा झाला. मी खूश!

ती परतली तेव्हा कोपऱ्याला भेगा पडल्या होत्या.

"ह्यो कोनी केला?"

बायका खाली पाहू लागल्या. मी पुढे झालो. "मी," म्हटले.

ती इतकी हसली की खालचे गवंडी वर बघू लागले. "खरा बोललास, बरा झाला. आता तूच उकर, दादा."

मी उकरले. मग तिने मला बायकांच्या रांगेत बसवून हातात थापी दिली. तळहाताला फोड आले. बायकांनी माझ्यावर एक गाणेही रचले. ते इथे लिहिण्यासारखे नाही. तिसऱ्या दिवशी थापी टणकन उडाली, आणि ती ओरडली, "बोलला!"

साहेबांनी गच्चीवर पाणी तुंबवून पाहिले. खाली थेंबही नाही. त्यांनी मला शाबासकी दिली. गप्प राहणे सोपे होते. पण मी कोपऱ्याची हकीकत सांगितली आणि तिच्याकडे बोट दाखवले. साहेबांनी टोपी काढून तिच्यापुढे मान लववली आणि इंग्रजीत काहीतरी म्हटले.

"काय म्हनतो?" तिने विचारले.

"तुमची तारीफ करतात."

"मंग त्याला सांग, पानी अजून दोन दिस राहू दे."

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी ठाण्याला परतलो तेव्हा बाळकुमला गेलो. ती नव्हती, गेल्याला दोन पावसाळे झाले होते. तिच्या सुनेने सासूने स्वतः ठोकलेले अंगण दाखवले. कोब्यावर भात वाळत पडला होता, आणि चिमण्या बिनधास्त दाणे टिपत होत्या.