जर्मन गाडीच्या टपावरच्या कुरडया

आमच्या गाडीच्या छताला खिडकी आहे. विकणाऱ्यानं ही गोष्ट मला गुण म्हणून सांगितली होती आणि मीही ती गुण म्हणूनच ऐकून घेतली, त्यामुळे आता तक्रार करायची सोय उरलेली नाही.

झालं असं, की आमच्या पल्लवीनं नागपूरला नोकरी करता करता स्वतःच एक मुलगा पाहून ठेवला. निखिल. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, आईबाप साधे. बापानं नाक मुरडावं एवढी जागासुद्धा पोरीनं ठेवली नव्हती! आता त्याच्या आईवडिलांनी जबलपूरला येऊन आमचं घर पाहायचं आणि पसंत पडलं तर साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची, एवढंच बाकी होतं. पल्लवीचा फोन आला.

"पापा, प्लीज, कुछ गड़बड़ मत करना. मला हाच मुलगा पाहिजे."

"मी काहून गडबड करीन?"

"आप हमेशा करते हो."

(मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायचं ही पोरीची लहानपणापासूनची पद्धत. बापाचा अपमान मात्र ती दोन्ही भाषांत सारख्याच सफाईनं करते.)

दोन दिवसांनी मुलाच्या आईचा, सुमनताईंचा फोन. इकडचं तिकडचं झालं आणि ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमच्याकडं गाडी आहे का हो?"

आता एवढ्या साध्या प्रश्नाचं साधं उत्तर होतं. आमच्याकडे एक स्कूटर होती आणि तिला उजव्या बाजूचा आरसा नव्हता. पण मुलीचा बाप झाला की माणसाच्या तोंडातून वेगळाच माणूस बोलून राहतो. मी म्हणालो, "आहे नं ताई! आहे म्हणजे काय!"

फोन ठेवल्या ठेवल्या मंगलानं, म्हणजे आमच्या बायकोनं, विचारलं, "कोणती गाडी आहे हो आपल्याकडं?"

"येईल," मी म्हणालो.

आणि आली! एका ओळखीच्या ठेकेदाराची जुनी जर्मन गाडी. काळी, लांबलचक, आत शिसवी लाकडाची पट्टी, खुर्च्या अशा की माणूस बसला की साहेब होतो. नेपियर टाऊनमधल्या आमच्या घराच्या फाटकातून ती आत येईना. म्हणून फाटक काढलं. जो भेटेल तो एकच विचारी, "कितना देती है?" मी हसून सांगे, "भाईसाब, ऐसी गाड़ियों में एवरेज नहीं पूछते." (कारण मलाच माहीत नव्हतं. काटा कधी भरलेला दाखवी, कधी रिकामा, तेल तेवढंच असताना.)

गाडीला टेकून काढलेला फोटो मी सुमनताईंना पाठवला. पूर्वी त्या चार-चार ओळी लिहायच्या. या फोटोवर नुसते जोडलेले हात आले. बस.

"पाहा, हबकल्या!" मी मंगलाला म्हणालो.

पहिल्याच आठवड्यात गाडीनं नखरे दाखवायला सुरुवात केली. सकाळी पाहतो तर मागून खाली बसलेली. पंक्चर नाही, काही नाही, आपली बसली! चालू केली की कण्हत-कुंथत उठे. मग समोर एक पिवळा दिवा लागला, मग लाल, आणि मग एक असा दिवा, ज्याचं चित्र मला आजतागायत कळलेलं नाही. (उलटं पडलेलं कासव असावं.) एसी डाव्या बाजूनं गार वारा फेकी आणि उजव्या बाजूनं भट्टी. डावीकडं मंगला शाल घेऊन बसे आणि उजवीकडं मी बनियन पिळत असे.

गोहलपूरला इकबालभाईंकडे गाडी नेली. "बड़ी गाड़ियों का इलाज" अशी पाटी पाहून माझा जीव भांड्यात पडला. इकबालभाईंनी एक मशीन जोडलं आणि बराच वेळ ते स्क्रीनकडे पाहत राहिले.

"साब, इतनी शिकायतें तो मेरी सास ने भी नहीं गिनाईं."

"पण झालंय काय?"

"सेंसर."

"कौनसा?"

"सब."

त्यांनी एक सेन्सर बदलला. पिवळा दिवा गेला आणि निळा लागला. दुसरा बदलला, तर निळा गेला आणि डाव्या बाजूचे वायपर सुरू झाले, ते थांबेचनात. शेवटी इकबालभाईंनी हात पुसले आणि खरा सल्ला दिला. "साब, इसको चलाओ कम. ये खड़ी-खड़ी बहुत अच्छी लगती है."

मग काय, गाडी अंगणात उभी राहिली. वैशाखाचं ऊन. माझी आई दारात येऊन तिच्याकडं बघे आणि चरफडे. "हे धूड कायले आणून उभं केलं रे? माह्या वाळवणाची सारी जागा खाल्ली यानं!"

"मग टपावरच घाल नं कुरडया!" मी म्हणालो. "तापतो चांगला. जर्मन पत्रा आहे."

हा टोमणा होता. पण आमची आई टोमणे मारते, घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येतो तर गाडीच्या टपावर जुनं धोतर अंथरलेलं, मंगला स्टुलावर उभी राहून सोऱ्या दाबून राहिली आणि आई खालून सांगून राहिली, "तिकडं काचेवर घाल अजून दोन, तिथं चटकन वाळतीन!"

"आई! अगं लाखमोलाची गाडी आहे!"

"तूच तं म्हनला."

आणि सांगायला लाज वाटते, पण कुरडया वाळल्या अशा की विचारू नका. पांढऱ्याशुभ्र, कुरकुरीत! आई तर गाडीच्या प्रेमातच पडली. रोज सकाळी नवीन घाणा.

अशाच एका दुपारी शेजारचे दुबेजी आले. "भाईसाब, सुना है इसकी छत खुलती है?"

बस! माझ्यातला साहेब जागा झाला. दुबेजींना शेजारी बसवलं आणि ऐटीत बटण दाबलं. टपावर काय आहे हे बटण दाबून झाल्यावर आठवलं. काच मागं सरकली, धोतर तिच्याबरोबर आत ओढलं गेलं, आणि अर्धवट ओल्या कुरडया दुबेजींच्या आणि माझ्या डोक्यावर! घाबरून पुन्हा बटण दाबलं, तर काच परत आली आणि वाटेतल्या कुरडयांचा चेंदा करून बसली. आई आत झोपली होती. दुबेजी घरी पळाले. मी धोतर सारखं केलं, दिसल्या तेवढ्या कुरडया उचलल्या आणि फटीत अडकल्या होत्या त्या बोटानं आत सारल्या. सफाई म्हणतात ती हीच!

संध्याकाळी आईच्या लक्षात आलंच. "अर्ध्या सुपाच्या कुरडया कमी हायत रे."

"कावळ्यांनी नेल्या असतील."

"इतक्या?" आई म्हणाली आणि संशयानं सगळ्या आकाशाकडं पाहून आत गेली.

पुढच्या आठवड्यात गाडीत वास येऊ लागला. आधी जरासा आंबूस, मग चांगलाच खमंग, मग असा की काच वर करायची हिंमत होईना. मी तर रोज नळी लावून गाडी धूत होतो. जितकी धुवावी तितका वास वाढे! पायाखालचा गालिचाही ओला. मंगला म्हणाली उंदीर मेला असेल. इकबालभाईंनी सगळ्या खुर्च्या उपटल्या. उंदीर निघाला नाही, ठेकेदाराचा कंगवा निघाला.

"फिर ये बदबू?"

"साब, सेंसर गीला हो गया है."

मी मोगऱ्याच्या अत्तराची बाटली आणून आत ओतली. आता वास यायचा तो मोगऱ्याच्या मांडवात मेलेल्या उंदराचा.

पाहुणे यायच्या दिवशी मंगला काकुळतीला आली. "अहो, ऐका माझं. ऑटो करा नं. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"ऑटो? फोटो पाठवलाय मी त्यांना!"

पल्लवी आदल्या दिवशीच आली होती. तिनं गाडीत नुसतं डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "पापा, अगर वो लोग मना कर गए ना, तो मैं आपसे जिंदगी में बात नहीं करूँगी." डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. मलाही आतून भीती वाटायला लागली होती, पण मी ती दाखवली नाही. उलट गाडीवर आणखी चार बादल्या पाणी ओतून तिला चकाचक केली.

स्टेशनवर सुमनताई आणि त्यांचे यजमान गणवीरसाहेब उतरले. दोघं फारच गप्प. साहेबांनी नवा कोट घातला होता, जबलपूरच्या उन्हात! गाडीजवळ येतो तर ती नेमकी मागून बसलेली.

"काहो भाऊ, गाडी बसली वाटते?"

"नाही ताई, पाहुण्यांना चढायला सोपं जावं म्हणून खाली होते. त्यात तशी सोय आहे."

सुमनताई आणखी गप्प झाल्या. त्यांना मानानं पुढं बसवलं, साहेब आणि मंगला मागे. गाडी कण्हत उठली. कासव पेटलं. सुमनताईंनी पदर नाकाला लावला.

"हे अत्तर आहे का हो?"

"हो नं. खास."

नेपियर टाऊनच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक गाय बसली होती. मी ब्रेक मारला. वर कुठंतरी गुळगुळ असा आवाज आला, जणू कोणी चूळ भरली, आणि छताच्या खिडकीच्या कडेनं पाण्याची धार सुमनताईंच्या थेट डोक्यावर! अर्धी बादली तरी असेल. पाणी, आणि पाण्याबरोबर काहीतरी पांढरं, फुगलेलं, लिबलिबीत. ते त्यांच्या केसांत बसलं, चष्म्यावर बसलं, नव्या पैठणीच्या खांद्यावर बसलं.

गाय उठून निघून गेली.

सुमनताईंनी चष्म्यावरचा एक तुकडा बोटानं उचलला. जवळून पाहिला. वास घेतला. "भाऊ, हे काय आहे?"

"फिल्टरचं मटेरियल आहे ताई. जर्मन."

"बाप्पा! जर्मनीत गव्हाचा चीक काढतात?"

मी पुढच्या काचेतून आकाश पाहू लागलो. मागून मंगलाचा बांध फुटला. "ताई, कुरडई आहे हो ती! सासूबाईंनी टपावर वाळत घातल्या होत्या. गाडी चालतच नाही हो! तुम्ही येणार म्हणून आणलीय, आमची तर साधी स्कूटर आहे!"

संपलं. मी मनातल्या मनात पोरीची माफी मागितली. तोच शेजारून असा आवाज आला, की मला वाटलं ताई रडून राहिल्या. पण त्या हसत होत्या! डोळे पुसत, ओल्या पदरानं तोंड दाबत, मोठ्यानं. मागे गणवीरसाहेबांनी कोट काढून मांडीवर टाकला आणि "हुश्श" म्हणाले.

गाडी तिथंच बंद पडली. घर चार पावलांवर होतं, चालत गेलो. दारात आई आरतीचं ताट घेऊन उभी, मागे पल्लवी. आईनं ओल्याचिंब विहीणबाईंकडं पाहिलं, त्यांच्या केसांकडं पाहिलं, आणि ताट पल्लवीच्या हातात देऊन ओरडली, "माह्या कुरडया! मी म्हनलं नोतं, कावळे इतक्या नेत नाहीत!"

पल्लवीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खांबाच्या मागं झालो.

सुमनताई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू का भाऊ? आम्ही नाही म्हणायला आलो होतो."

पल्लवीनं ताट खाली ठेवलं.

"तुमच्या गाडीचा फोटो आला आणि ह्यांची झोप उडाली. एवढी बडी माणसं, आपलं दोन खोल्यांचं घर, पोरगी कशी राहील? फोनवर कसं सांगावं म्हणून प्रत्यक्ष आलो. हा कोटसुद्धा शेजाऱ्यांचा आहे."

"पण गाडीचं तर तुम्हीच विचारलं होतं ताई!"

"अहो, स्टेशनवर ऑटो करायचा की तुम्ही येता, एवढंच पाहिजे होतं मला!"

मंगलानं माझ्याकडं पाहिलं. तिला काही बोलायची गरज नव्हती आणि तरीही नंतर ती चार दिवस बोलली.

मग ताईंनी खांद्यावरची उरलेली कुरडई उचलून आईला दाखवली. "आजी, चीक छान पडलाय. पण मीठ जरा कमी वाटते."

"पान्यानं गेलं ते!" आई कडाडली. "वाळलेली खाऊन पाय, मंग बोल!" आणि सुमनताई खरंच आत स्वयंपाकघरात गेल्या, तळलेल्या खाऊन, साक्षगंधाची तारीख ठरवूनच बाहेर आल्या. पल्लवी माझ्याशी बोलते आता. हिंदीत, पण बोलते.

गाडी ढकलत आणली, ती अजून अंगणात उभी आहे. फाटक नाही तसं नाहीच. लग्नाला पाठवणीची गाडी जावयानंच नागपूरहून आणली, न विचारता. छताच्या खिडकीतलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कुरडयांनी तुंबल्या होत्या, त्या इकबालभाईंनी तार घालून मोकळ्या केल्या. ("देखा साब, सेंसर में आटा फँसा था!") आई मात्र खूश आहे, यंदा तर शेजारणींचंही वाळवण तिच्यावर असतं. येणारे-जाणारे अजूनही थांबून विचारतात, "भाईसाब, कितना देती है?"

मी आता लपवत नाही. सरळ सांगतो, "धूप अच्छी हो, तो दिनभर में दो सूप."