फाट्यावरचं दूध संकलन

आमचा फाटा गावापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. नगरहून येणारी संध्याकाळची बस तिथंच थांबते, आत येत नाही. हिवाळ्यात तोवर अंधार पडलेला असतो.

मुलगी त्याच बसनं कॉलेजातून यायची. दुसऱ्या वर्षाला असताना फाट्यावरच्या मोटारसायकली तिच्यामागं गावापर्यंत येऊ लागल्या. तिचे वडील म्हणाले, कॉलेज पुरे. मी म्हटलं, कॉलेज चालू राहू दे, रोजचं येणं-जाणं बंद करू. ती नगरला माझ्या बहिणीकडं राहायला गेली.

पूर्वी ती खांद्यावरची पिशवीही न उतरवता गोठ्यात येऊन उभी राहायची आणि पहिल्या तासापासून सगळं सांगायची. आता धार काढताना बादलीत पडणाऱ्या दुधाचा तेवढा आवाज असतो.

दूध संकलन केंद्र तेव्हा देवळामागं होतं. किटल्या रांगेत ठेवायच्या आणि आपला नंबर येईपर्यंत बायकांनी ओट्यावर बसायचं, अशी आमची रीत. एकदा तिथं मी म्हटलं, "केंद्र फाट्यावर नेलं तर? बसच्या वेळेला एवढ्या बायका तिथं असतील."

केंद्रवाला हसला. "वहिनी, मंग म्हशी बी बसनंच पाठवा."

"म्हशींना पास मिळत न्हाई," शेजारची म्हातारी म्हणाली. "पोरींना मिळतो. त्यांचं बघ आधी."

मी त्याला दूध न्यायला येणाऱ्या टेम्पोचं सांगितलं. रोज आत येऊन परत जायचं डिझेल वाचेल. ते त्याला पटलं. मुलींचं पटलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं, पण केंद्र हललं.

आता दूध मोजून झालं तरी बस येईपर्यंत कुणी घरी जात नाही. मोटारसायकली दिसेनाशा झाल्या. मी लगेच फोन केला. "आता घरूनच जा-ये कर."

ती म्हणाली, "आई, इथं मी क्लासवरून एकटी चालत येते. दिवे असतात, दुकानं उघडी असतात. माझ्यासाठी कुणाला उभं राहावं लागत नाही. तिथं एखाद्या दिवशी तुम्ही नसलात तर?"

फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याला खांब होते, दिवे नव्हते. आम्ही बायका ग्रामसभेत गेलो, पुन्हा गेलो. वाटेतल्या ओढ्यापर्यंतचे दिवे लागले.

गेल्या शनिवारी ती आली. बसमधून उतरून म्हणाली, "तू हो पुढं. मी मागून एकटी येते." मी रिकामी किटली घेऊन निघाले. ओढा ओलांडल्यावर अंधारात तिच्या चपलांचा आवाज येत होता. मागं वळून बघावंसं फार वाटलं. वळले नाही.

दारात पोचल्यावर म्हणाली, "ओढ्यापर्यंत ठीक आहे. पुढचे लागले की येते राहायला."

रविवारी ती परत गेली. चार खांब राहिलेत. ग्रामसेवक म्हणाले, पुढच्या सभेत बघू. मी म्हटलं, तोवर रोज विचारायला येईन.