स्वराच्या कागदावर पाऊल उमटेना

इथले भुताखेतांचे अनुभव मी जेवताना तोंडी लावायला वाचते, हे आधीच कबूल करते. वाचते आणि हसते. पूर्वी विज्ञान शिकवायचे, आता केंद्रप्रमुख आहे — म्हणजे पनवेल तालुक्यातल्या आमच्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा फिरून बघते. लिंबातून रक्त काढणाऱ्या बाबांची युक्ती मी स्वतः पोरांना वर्गात करून दाखवलेली आहे. तेव्हा पुढचं वाचून "ताई, कुणाला तरी दाखवून घ्या" असं कृपा करून सांगू नका. तपासायचं ते सगळं मी तपासून झालंय.

गोष्ट गेल्या जूनमधली, शाळा उघडली त्या दिवसाची. मी रोडपालीला राहते. स्कूटी काढली आणि पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याने निघाले. थोडं पुढे गेलं की आत एक वस्ती आहे. शाळा दोन खोल्यांची, पुढे व्हरांडा, आणि मागे कुणाच्या तरी गोडाऊनची निळ्या पत्र्याची भिंत. सकाळचं लख्ख ऊन होतं. भुतंखेतं दिसावीत असं तिथे काहीही नव्हतं, उलट हेडमास्तर पाटील सरांनी इतके फुगे लावले होते की मला वाटलं कुणाचं तरी बारसंच आहे.

प्रवेशोत्सव कसा असतो ते माहीत नसलेल्यांसाठी सांगते. पहिलीत येणाऱ्या मुलांचं औक्षण होतं, हातात गुलाब आणि नवी पुस्तकं देतात. मग ताटात कुंकवाचं पाणी करून त्यात मुलाचे पाय बुडवायचे आणि त्याला पांढऱ्या कागदावर उभं करायचं. कागदावर मुलाचं नाव आधीच लिहिलेलं असतं. उमटलेली ती शाळेतली पहिली पावलं मग वर्गात भिंतीवर लावायची. दरवर्षी शाळाशाळांतून मी हे बघते, आणि खोटं कशाला बोलू, दरवर्षी माझे डोळे भरून येतात.

पहिलीला पोरं मोजकीच होती. पाटील सर एका हातात मोबाईल धरून नाव पुकारायचे, मूल पुढे यायचं, ठसा, टाळ्या, फोटो. शेवटचं नाव आलं, "स्वरा!"

एक बारीकशी मुलगी आईचा पदर धरून उभी होती. ती हलली नाही. उलट तिने बाजूला पाहिलं... म्हणजे बघा, रांगेत आपल्या आधी दुसऱ्या कुणाचा नंबर असला की आपण त्याच्याकडे बघतो ना, तसं. बाजूला कुणी नव्हतं. आईने तिला पुढे ढकललं.

"सात वर्षं पूर्ण आहेत कागदावर," सर माझ्या कानाशी पुटपुटले. "वाटते का?" वाटत नव्हती. पण गरिबाघरची पोरं असतात बारीक.

पाय बुडवले. लालभडक झाले. कागदावर ती उभी राहिली, उतरली... आणि कागद कोरा.

सर हसले, "अगं, पाय दाबून ठेव." पुन्हा पाय बुडवले, पुन्हा कोरा. पाण्याचा डागसुद्धा नाही! तळवे तर ओलेच होते, व्हरांड्याच्या फरशीवर तिच्या मागे लाल पावलं दिसत होती. आता माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. कागदाला तेल किंवा मेण लागलं असेल म्हणून मी त्यावर स्वतःचं बोट टेकवलं. बोट छान उमटलं. सरांनी नवा कागद घेतला, त्याच सुवाच्य अक्षरात 'स्वरा' लिहिलं. मी खाली बसून तिचे दोन्ही घोटे हातात धरले आणि पाय दाबले. माझ्या बोटांवर कुंकू आलं. कागदावर काहीच नाही. (सरांच्या मोबाईलमध्ये फोटो आहे. लाल पाय, खाली पांढरा कागद. पण लेकराचा फोटो आहे, इथे टाकणार नाही.)

ती मुलगी वाकून शांतपणे मला म्हणाली, "ताई पाय काढत नाय ना."

"कोण ताई?"

"ही. आदी तीच उभी रवते."

मी घाबरले. सरळ सांगते. घोटे सोडून दिले आणि मागे सरकले. आणि तिची आई, रंजना नाव तिचं, भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

सरांनी बाकीच्यांना वर्गात नेलं. मी रंजनाला पाणी दिलं आणि शेजारी बसले. तिने पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "मॅडम, ही स्वरा नाय. हिचा नाव आर्वी हाय. स्वरा माजी मोटी. दीड वर्साची असताना तापात गेली."

"आणि कागद?"

"सगलं तिचंच. ही लॉकडाऊनमदी झाली, घरीच. गाडी मिलाली नाय. नोंद रायली ती रायलीच. मंग अंगणवाडीवाली दाखला मागाया लागली तवा सासू बोलली, एक हाय ना घरात, तोच दे."

"अहो, पण मोठीच्या मृत्यूची नोंद?"

"नाय केली." तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "सासूवर कशाला ढकलू? मलाच करायची नवती. कागदावर तरी होती ना मॅडम ती. तो दाखला काडला की वाटायचं, हाय. कुटंतरी हाय."

हिला मोठ्या बहिणीबद्दल कधी काही सांगितलंय का, असं मी विचारलं. रंजना म्हणाली, "आमच्यात तिचा नाव पन कोन काडत नाय. हिला म्हाईत व्हायचा परश्नच नाय." मग एकदम माझा हात धरून ती रडायला लागली. "मॅडम, खोटं केलं म्हनून हिला शालेतून काडाल काय? माज्यापायी हिचं नुसकान नको."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. वयाचा दाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाला शाळा नाकारता येत नाही, पालकाने लिहून दिलं तरी चालतं, हे मी तिला तीनतीनदा समजावलं. पण त्याच दमात हेही म्हटलं की असं चालू दिलंत तर ही पोरगी जन्मभर दुसरीच्या नावावर जगेल. दहावी, नोकरी, लग्न... सगळं मोठीचं. हिचं असं काय राहील?

रंजना डोळे पुसून उठली. सरांना म्हणाली, "गुर्जी, दुसरा कागद घ्या. आर्वी लिवा."

त्याच ताटात पाय बुडवले. तोच गठ्ठा, वरचाच कागद. मुलगी उभी राहिली, उतरली. दहाही बोटं, टाचा, सगळं लख्ख! पाटील सरांनी फोटो काढला नाही, ते विसरूनच गेले. मी टाळ्या वाजवल्या. 'स्वरा'चे दोन्ही कागद रंजनाने मागून घेतले आणि घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवले.

त्याच गठ्ठ्यातला एक उरलेला कागद घरी नेऊन मी भिजवून पाहिला, मेणबत्तीवर धरून पाहिला. साधा कागद निघाला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, उपाशी फिरतेस म्हणून होतं असं. मी आणि सर दोघंही एकाच वेळी उपाशी होतो आणि मोबाईलही उपाशी होता, असं त्याचं म्हणणं असावं.

पुढे काही आठवड्यांनी त्या शाळेत पुन्हा जाणं झालं, पुस्तकं सगळ्यांना पोचली का ते बघायला. पाटील सर म्हणाले, रंजनाने दोन्ही नोंदींसाठी तहसीलला अर्ज केलाय. मोठीच्या अर्जावर सही करताना तिथेच रडली म्हणे. आर्वी पहिल्या रांगेत बसली होती. हजेरीला नाव घेतल्याबरोबर "हजर!" म्हणून ओरडली. बरं वाटलं. मी गप्प बसायला हवं होतं, पण जित्याची खोड... सुट्टीत तिला हळूच विचारलं, "ताई येते का गं अजून शाळेत?"

ती डबा खात होती. "नाय. ती आता घरीच रवते. आयेजवल."

रंजना तिला पाण्याची बाटली द्यायला आली होती आणि माझ्या मागेच उभी होती, ते मला कळलंच नाही. मी वळले. मला वाटलं, आता ही बसली खाली. चार शब्द धीराचे बोलावेत म्हणून मी तोंड उघडलं, पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हतीच. तिने मला फक्त विचारलं, "घरी हाय बोलली ना? तुमी पन आयकलं ना?"

मी मान डोलावली. याचा अर्थ काय लावायचा ते मला आजही कळत नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला कळला तर खरंच सांगा.

बाटली माझ्याच हातात देऊन रंजना निघाली. तान्हं पोर घरात एकटं ठेवून आलेली बाई जशी जाते, तशी भराभर.