सुनंदाचे तपकिरी ठिपके

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्रातल्या देवीचे लाउडस्पीकर दणाणत होते, तेव्हा सुनंदाच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई सकाळी गेली. चहा घेता घेता..." खिडक्या लावून मी त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. महिना उलटला तरी अजून खरं वाटत नाही.

सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण, पॅथॉलॉजिस्ट. ऐंशीच्या सुमारास तिने डोंबिवलीत मानपाडा रस्त्यावर छोटी लॅब काढली. रक्त-लघवीच्या तपासण्यांवर घर चालायचं, पण जीव गुंतलेला असायचा तो पेशींत. मी मराठीची मास्तरीण. तरी मला हाताला धरून मायक्रोस्कोपशी बसवायची. "काय दिसतंय?" "जांभळी रांगोळी." "रांगोळी कसली, जठर आहे ते कोणाचं तरी!" आणि मग पोट धरून हसायची.

पुढे तिच्याकडे परदेशातून एक चिमुकली बाटली आली. फ्रिजमध्ये तिचा स्वतंत्र कप्पा, आणि वीज गेली की सुनंदाचा जीव टांगणीला. त्या बाटलीत प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, होतं. पेशीत हजारो प्रथिनं असतात, त्यातलं नेमकं एकच ओळखून ते त्याला चिकटतं, आणि चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटवता येतो. सुनंदाचं प्रतिपिंड ज्या प्रथिनाला चिकटायचं, ते पेशीच्या केंद्रकात बसतं, स्त्रीसंप्रेरकाचा निरोप घेतं आणि कुठली जनुकं जागी करायची ते ठरवतं. स्तनाच्या गाठीत ते सापडलं, तर त्याचं काम रोखणारी गोळी लागू पडते. "एवढ्या गर्दीत प्रतिपिंडाला ते एकच प्रथिन कसं सापडतं गं?" मी विचारलं. "मलाही रोज हाच प्रश्न पडतो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखा भाव होता.

आणि मग माझ्या कल्याणच्या ताईलाच गाठ निघाली. ऑपरेशन गणपतीच्या आदल्या दिवशी झालं. ताईचं हृदय आधीच अशक्त, केमोची जहाल इंजेक्शनं झेपायची नाहीत, असं सर्जन स्पष्टच म्हणाले होते. गोळी लागू पडली तरच धडगत होती. सारी मदार सुनंदाच्या तपासणीवर होती.

पहिल्या स्लाइडवर एकही तपकिरी ठिपका नव्हता. "म्हणजे गोळी नाही," मी म्हणाले. सुनंदा मात्र भिंगावरून डोळा काढेना. "गाठीचं सोड. बाजूच्या निरोगी पेशी बघ, त्याही कोऱ्याच आहेत. त्यांच्यात काही ठिपके यायलाच हवेत. म्हणजे चूक ताईच्या गाठीत नाही, आमच्या कामात आहे. मी 'नाही' लिहिणार नाही."

चूक सापडली. गणपतीच्या सुट्टीत गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्येच, म्हणजे तो टिकवायच्या द्रावणात, पडून राहिला होता, आणि त्यात फार राहिलं की प्रथिन झाकलं जातं. कुठल्याशा जर्नलात तिने वाचलं होतं, की अशा तुकड्याचा काप दाबाखाली उकळला तर झाकलेलं पुन्हा उघडं पडतं. तिने घरचा कुकर लॅबमध्ये आणला. "यापुढे यात भात नाही हं!" असं सासूबाईंना बजावूनच निघाली होती. तुकड्याचा पातळ काप लावलेली नवी स्लाइड कुकरमध्ये क्षार मिसळलेल्या पाण्यात उकळली, रंगवली आणि मला बोलावलं. मी भिंगाला डोळा लावला... निळ्या पेशींत तपकिरी ठिपकेच ठिपके! देवाच्या मूर्तीपुढेही माझे हात इतक्या सहज कधी जुळले नव्हते. ताईला गोळी सुरू झाली, आणि ती लागू पडली.

सुनंदाच्या तेराव्यानंतर ताईला घेऊन लॅबमध्ये गेले. तिथली टेक्निशियन शैला आवराआवर करत होती. ताईचं नाव ऐकताच थबकली. "म्हणजे तुम्हीच त्या? अहो, मॅडम कुठल्याच पेशंटची स्लाइड डायरेक्ट बघायच्या नाहीत. प्रत्येक बॅचला तुमच्या गाठीची एक स्लाइड सोबत रंगवायची आणि आधी ती बघायची. तुमचे ठिपके नीट आले, तरच बाकीच्या बायकांचे रिपोर्ट जायचे."

आम्हा दोघींनाही हे ठाऊक नव्हतं. ताई सुनंदाच्या स्टुलावर बसली. शैलाने लावून दिलेल्या स्लाइडकडे बराच वेळ बघत राहिली.

"माझा तुकडा अजून शिल्लक आहे का गं?"

"आहे की, थोडा."

"मग जपून वापर," ताई डोळे पुसत म्हणाली, "आणि नवा डॉक्टर येईल ना, त्यालाही सांग... आधी मला बघायचं."