रुपलीची जीभ

मी दारू पीत नाही आणि पाजतही नाही. तरी गेल्या हिवाळ्यात माझी जळगावच्या मेहरूणची बोरं बीअरमध्ये पडली आणि तिथंच रुपलीअक्काशी माझी गाठ पडली. तोवर बोरांतलं सगळं मला कळतं असा माझा समज होता. तीन पिढ्यांचा व्यापार म्हटल्यावर तो असायचाच.

रुपली चोपड्याच्या पुढची, सातपुड्याच्या पायथ्याची. वय साठीपुढं, अंगानं काडी, बोलणं रोखठोक. तिच्या गावात लग्न ठरो की देवाचं काही असो, मोहाची दारू काढली की आधी रुपलीनं चाखायची. ती नाही म्हणाली तर दारू पाहुण्यांपुढं जात नाही, मग ती पोलीस पाटलाच्या घरची का असेना. सख्ख्या भावाच्या लग्नातली तिनं ओतून द्यायला लावली होती. भाऊ वर्षभर बोलला नाही आणि हिनंही त्याची मनधरणी केली नाही.

तिची भाची रोहिणी जळगावात शिकली आणि शहराबाहेर योगराजभाऊंनी बीअरचा छोटा कारखाना काढला, तिथं लागली. दोन वर्षं टाक्या धुतल्या, नमुने तपासले. मग भाऊंनी तिला एक टाकी दिली. बोरांची बीअर तुझ्या हातानं कर म्हणाले. जमली तर यापुढं बीअर करणारी तू, नाही जमली तर टाक्या आहेतच. पोरीनं बोरं माझ्याकडून नेली. मी स्वतः बसून पहिल्या नंबरचा माल निवडून दिला, सुरतेला पाठवतो तसा. कडक, पिवळाजर्द, एक डाग नाही.

बीअर झाली, सगळ्यांनी छान म्हटलं. रोहिणीचं मात्र समाधान होईना. तिनं मावशीला बोलावून घेतलं, आणि मला राहवेना म्हणून मीही गेलो.

पहिले थेंब जमिनीला दिल्याशिवाय रुपली चाखत नाही. आत सगळी फरशी, म्हणून ती ग्लास घेऊन बाहेर मातीत आली. एक घोट तोंडात धरून बराच वेळ उभी राहिली.

"हाई बोरं तोडेल शेतस," ती म्हणाली. "आपेआप पडेल नहीत."

माझा पारा चढला. मी म्हटलं, अक्का, बोरं तोडतातच, पडलेली बकऱ्या खातात. तर म्हणे, मग तुझ्यापेक्षा बकऱ्यांना जास्त कळतं. मोहाच्या फुलासाठी कोणी झाडावर चढत नाही. भरलं की ते आपणहून खाली येतं. बोराचंही तेच. आता सुरतेच्या वाटेवर टिकावं म्हणून आम्ही बोर दोन दिवस आधी तोडतो, हे खरंच होतं. फार वाईट वाटलं मला. चूक माझी आणि पणाला लागली होती पोर.

योगराजभाऊ म्हणाले, गिऱ्हाइकाला कुठं एवढं कळतं, शनिवारी हीच विकू. रोहिणीचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

"विका भाऊ. पण माझी म्हणून विकू नका."

 भाऊंनी तिला दुसरी टाकी दिली आणि ही शेवटची असं बजावलं. बोरांचा हंगाम आठवड्याभरात उठणार होता. पाच दिवस रोज सकाळी मी, रुपली आणि रोहिणी माझ्याच झाडांखाली वाकून पडलेली बोरं वेचत होतो. सुरकुतलेली, तांबूस, बाजारात कोणी हात लावणार नाही अशी. घरी बायकोनं, नूरबीनं, माझ्या कंबरेला तेल चोळलं आणि पोट धरून हसली.

पंधरा दिवसांनी टाकी उघडली. योगराजभाऊंनी पहिला ग्लास रुपलीपुढं धरला. तिनं हात मागं घेतले.

"आज मी नही चाखस. करनारीले इचारा."

रोहिणीचा चेहरा उतरला. इतके दिवस ती ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत आली होती. आता सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं ग्लास घेतला. एक घोट घेतला, मग अजून एक. मावशीनं मदतीला भुवईसुद्धा हलवली नाही.

"बीअर जमनी, मावशी," रोहिणी म्हणाली.

"मंग दे," रुपली म्हणाली. आणि तिनं चाखली नाही, सरळ प्याली.