बोट अडलं म्हणून अनफिट

“मणका सरकलाय,” असं सांगून नगरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या डॉक्टरांनी मिरजगावच्या संतोषला अनफिट ठरवलं. सोमवारपर्यंत फिट झाला नाही, तर जागा दुसऱ्याला. तो तडक माझ्याकडे, फिजिओथेरपीला आला.

“दुखतं कुठं?”

“कुठंच न्हाई, मॅडम. पोती उचलतो, तालमीत जातो. त्यांचं बोट पाठीवर अडलं आन् माझी नोकरी अडली.”

त्याला पालथं झोपवून मी पाठीवरून बोट फिरवलं. माझंही अडलं. एक काटा डावीकडे झुकलेला. काटा म्हणजे मणक्याचं मागे निघालेलं टोक. कातडीखाली हाताला लागतं ते एवढंच. भार पेलणारा मणका पुढे, आत असतो. तिथं बोट पोचतच नाही. कित्येकांचा काटा जन्मापासूनच तिरका असतो आणि मणका आपल्या जागी ठाम. नाक वाकडं असलं म्हणून डोकं सरकलं असं म्हणतो का आपण?

एक्सरे काढला. संतोषला लुनावर मागे बसवलं आणि कंपनी गाठली.

“तुम्ही मला शिकवणार?” डॉक्टर म्हणाले. “माझं बोट खोटं बोलतं?”

“बोट खरं बोलतं, सर. त्यावरून तुम्ही जे ठरवलंत ते खोटं.”

“छापा मग तुमच्या पत्रकात!” पाठीच्या दुखण्यांवर मी दरमहा एक पत्रक काढते, ते त्यांच्याकडेही जातं.

“छापणारच आहे. आधी तुमची पाठ बघू द्या.”

चिडून का होईना, ते वळले. शर्टावरूनच चाचपलं. कमरेपाशी एक काटा चांगला उजवीकडे. त्यांचाच हात मागे नेऊन मी त्यावर टेकवला. ते चाचपत राहिले.

संतोषला राहवेना. “सायेब, तुमीबी अनफिट व्हय?”

डॉक्टरांनी एक्सरे खिडकीशी धरला. मणके एकाखाली एक, सरळ. त्यांनी फिट असल्याच्या दाखल्यावर सही केली.

संतोष कामाला लागला. पण कंपनीनं यातून घेतलेला धडा बघा: पुढच्या भरतीला सगळ्यांना एक्सरे सक्तीचा. त्यात राजूरच्या एकाच्या कमरेत पाचाच्या जागी सहा मणके निघाले. असे असतात काहीजण, आणि ठणठणीत असतात. त्याला अनफिट केलं.

तपासायचं साधन बदललं. पुस्तकातल्या चित्रासारखा नाही तो माणूस बिघडलेला, ही समजूत तशीच राहिली. ती कुठल्याच एक्सरेत दिसत नाही. राजूरच्या त्या माणसासाठी माझं भांडण चालू आहे.