हेडमास्तरांची मुदत संपली

वाचनालयातल्या शूमावशीनं निवृत्त हेडमास्तरांना जिवंतपणीच मारलं, असं गल्लीभर बोललं जात होतं. कुणी म्हणे, फोनवरचा संदेश वाचून ते बसल्या खुर्चीत आडवे झाले. कुणी म्हणे, आडवे नाहीत, थेट दवाखान्यात. न्हाव्याच्या दुकानात तर त्यांना दोनदा ऑक्सिजनही लावून झाला होता.

खरी गोष्ट अशी की हेडमास्तर दवाखान्यात गेले ते मोतीबिंदू काढायला, आणि ती तारीख दोन महिन्यांपूर्वीच ठरलेली होती. संदेश मात्र आला होता. त्यांच्या डोळ्यावर पट्टी, म्हणून बायकोनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. सभासदांच्या वहीत त्यांचं नाव पहिल्यापासून नुसतं ‘हेडमास्तर’ असंच होतं, आणि त्यांनी नेलेलं पुस्तक होतं ‘पोटाच्या तक्रारी’, त्यामुळे मजकूर असा झाला होता: ‘प्रिय पोटाच्या तक्रारी, हेडमास्तर यांची मुदत संपली आहे. बांधणी सैल झाली असल्यास घरी चिकटपट्टी लावू नये. वाचनालयात आणून जमा करावे.’

हेडमास्तर बायकोला म्हणाले, “लिही. मुदतवाढ मिळेल का?”

असे दोनशे चाळीस संदेश गेले होते.

शूमावशी वाचनालय सांभाळायची; तिची थोरली बहीण आणि भाची त्याच गल्लीत राहायच्या. पंखा कुरकुरला तरी मावशी त्याच्याकडे बघून ‘शू’ करायची, म्हणून हे नाव. तीस वर्षं तिनं पुस्तकांची कार्डं लिहिली, एकेक अक्षर पाटीवर कोरल्यासारखं. चोपन्नाव्या वर्षी तिच्या डोक्यात आलं की लोकांना घरबसल्या यादी बघता यावी, पुस्तक राखून ठेवता यावं, मुदत संपली की आपोआप निरोप जावा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावरचा शिंपी दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून यायचा आणि ‘पुस्तक बाहेर गेलंय’ ऐकून परत उतरायचा. ते तिला बघवेना. वेबवर फुकट मिळणारी साधनं तिनं एकेक करून धुंडाळली, चालतात का पाहिलं, आणि सगळं एका वहीत उतरवलं: ‘डावं बटण. एकदाच. घाई नाही.’

संदेश पाठवायच्या दुपारी भाची वाचनालयातच होती. वय सोळा, आणि जिभेवर अख्खी गल्ली. टेबलावर बसून ती दोन मैत्रिणींना वाचनालयाचे अध्यक्ष करून दाखवत होती. अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं, आणि ते दर वाक्याआधी खोकून ‘म्हणजे कसं आहे’ म्हणायचे.

“जरा बघतेस का गं?” मावशी संगणकाच्या पडद्यामागून म्हणाली. “पाठवायला मला धीर होत नाही.”

“बघितलं, बघितलं. मस्त आहे,” भाची म्हणाली. मान काही वळवली नाही.

वळवली असती तर दिसलं असतं, की पुस्तकाच्या जागी माणूस आणि माणसाच्या जागी पुस्तक बसलंय.

दुसऱ्या दिवशी वर्गात भाचीनं डबा उघडायच्या आधी शूमावशी करून दाखवली. चष्मा नाकावर, बोट ओठांवर: “शू. आपली मुदत संपली आहे.” बाकं हलली. कुणीतरी ते फोनमध्ये टिपलं. तिसऱ्या दिवसापर्यंत भाजीवालासुद्धा गिऱ्हाइकांना म्हणत होता, “शू, कोथिंबिरीची मुदत संपली आहे.”

त्या संध्याकाळी मावशी चहाला आली. “आवाज छान काढतेस,” ती भाचीला म्हणाली. “फक्त मी ‘आहे’ एवढं लांबवत नाही.”

“पण काय गं,” आई म्हणाली, “पाठवण्याआधी कुणाला दाखवलं नाहीस?”

भाचीच्या हातात बिस्किट होतं. चहात बुडवलेलं. ते तसंच राहिलं.

“बोट माझं, चूक माझी,” मावशी म्हणाली आणि साखर मागितली.

बिस्किट तुटून तळाला गेलं. भाचीला वाटलं, आपणही जावं. मावशीनं रागावून घेतलं असतं, चारचौघांत सांगितलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं. ही बाई तर नुसती साखर ढवळत होती. पुढचे चार दिवस भाचीनं कुणाचीच नक्कल केली नाही. मैत्रिणींनी विचारलं, घसा बसलाय का. ती हो म्हणाली. तेही खोटंच.

शनिवारी बैठक होती. वेबचं सगळं बंद करायचं आणि पुन्हा कार्डांवर यायचं, असं अध्यक्षांनी जवळजवळ ठरवलंच होतं. मावशीनं संगणकाला जुन्या पडद्याची गवसणी शिवून घातली होती, कुणी गेल्यावर आरसा झाकावा तशी.

“मी सांगते त्यांना,” भाची म्हणाली. “तू मला विचारलं होतंस ते.”

“सांगशील, पण त्यांच्याच आवाजात. आणि ते मला आणखी महागात पडेल.”

“माझ्या आवाजात सांगेन.”

“सलग पाच मिनिटं? आठ वर्षांची झाल्यापासून तुझा आवाज मी ऐकलेला नाही.”

“पैज.”

“हरलीस तर ‘प’चा खण,” मावशी म्हणाली. ‘प’च्या खणात सातशे कार्डं होती, आणि त्यातलं एकही अजून वेबच्या यादीत चढलं नव्हतं.

बैठकीला अध्यक्ष, शिंपी आणि काळा चष्मा लावलेले हेडमास्तर होते. मावशी भिंतीलगत बसली, घड्याळाखाली. भाची उभी राहिली. “चूक मावशीची एकटीची नाही,” ती म्हणाली. आवाज अनोळखी निघाला, थोडा जाडसर. “तिनं मला बघायला सांगितलं होतं. मी न बघता मस्त आहे म्हटलं. नंतर वर्गात तिची नक्कलही मीच केली. तो आवाज माझा आहे.”

अध्यक्ष खोकले. “म्हणजे कसं आहे, तिनं नेमकं काय सांगितलं होतं?”

भाचीनं तोंड उघडलं, आणि आतून मावशीच बोलली: “जरा बघतेस का गं? पाठवायला मला धीर होत नाही.”

कुणी हसलं नाही. मावशीचा आवाज तिनं शंभरदा काढला असेल, पण ‘धीर’पाशी तो किंचित कापतो हे तिला आज पहिल्यांदा ऐकू आलं. दोनशे चाळीस लोकांना वाटलं होतं की बाई बेफिकीर आहे. बाई घाबरलेली होती. आणि ते जिला सांगितलं, ती टेबलावर पाय हलवत बसली होती. भाचीला मावशीकडे बघवेना. मावशीही जमिनीकडेच बघत होती.

“मी घरून एक पुस्तक राखून ठेवलंय,” शिंपी म्हणाला. “जिना न चढता. ते मिळणार की नाही तेवढं सांगा.”

“मला मुदतवाढ मिळाली,” हेडमास्तर म्हणाले. “तिलाही द्या.”

अध्यक्षांनी म्हणजे कसं आहे, म्हणजे कसं आहे करत तीन महिने दिले.

सगळे गेल्यावर मावशीनं गवसणी काढून तिची घडी घातली. मग डोक्यावरच्या घड्याळाकडे बोट केलं.

“एक मिनिट दहा सेकंद,” ती म्हणाली, आणि ‘प’चा खण दोन्ही हातांनी ओढून भाचीपुढे ठेवला. “एकेक कार्ड घे. आणि बघितलं असं म्हणायच्या आधी बघ.”